चढउताराचे आजार आणि पंचतारांकित ॲप

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, टाइप १ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस, क्रोन्स, सोरायसिस. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अवयवांवर उलटल्याने होणाऱ्या आजारांची यादी मोठी आहे. हे आजार मुळापासून जात नाहीत. औषधांनी ते आटोक्यात राहतात आणि आटोक्यात ठेवण्याचे रोजचे काम रुग्णालाच करावे लागते. दोन-तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांची भेट, त्यातली हाती येणारी दहा-पंधरा मिनिटे; उरलेले सगळे दिवस ज्याचे त्याने निभावायचे. सकाळी बोटे किती वेळ आखडलेली होती, संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटची आठवड्याची मात्रा घेतली की राहिली, जेवणाआधी इन्सुलिन किती टोचायचे, आजचा थकवा अपुऱ्या झोपेचा की आजार पुन्हा उसळल्याचा, असे शंभर निर्णय घरीच होतात. या कामात मोबाइलने हात द्यावा ही अपेक्षा रास्त आहे आणि तशी ॲप आता ढिगाने मिळतात. कोणी लक्षणांची रोजनिशी ठेवते, कोणी गोळ्यांची आठवण करते, कोणी व्यायाम शिकवते, कोणी मात्रेचा हिशोब करून देते. प्रश्न एवढाच की त्यांपैकी कोणते उपयोगी आहे हे कळायचे कसे? डाउनलोडचे आकडे, पाच तारे आणि ‘माझे दुखणे निम्म्यावर आले’ असे अभिप्राय यांवरून ते कळत नाही. या आजारांच्या बाबतीत तर मुळीच कळत नाही आणि त्याचे कारण आजाराच्या स्वभावातच आहे.

यांतले बहुतेक आजार लहरी असतात. आठवडेच्या आठवडे शांत राहतात, मग एकाएकी उसळतात, आणि उसळी ओसरल्यावर पुन्हा बऱ्यापैकी निवळतात. आता माणूस नवे ॲप कधी उतरवून घेतो? सगळे ठीक चालले असताना क्वचितच. सांधे सुजले, रात्रीची झोप उडाली, नेहमीच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या की तो काहीतरी नवे शोधू लागतो. म्हणजे मोजणीची सुरुवातच वेदनेच्या शिखरावरून होते. त्या शिखरावरून पुढच्या सहा-आठ आठवड्यांत बहुतेक जण खाली येणारच. काही आजाराच्या नैसर्गिक चढउतारामुळे, काही त्याच सुमारास डॉक्टरांनी मात्रा वाढवलेली असते म्हणून. मधल्या काळात ॲप नुसते बसून असले तरी आलेख उतरताच दिसेल. संख्याशास्त्रात ही घसरण जुनी आणि परिचित आहे: टोकाला मोजलेली गोष्ट पुढच्या मोजणीत सरासरीकडे सरकते. गंडेदोरे आणि चमत्कारी तेले पिढ्यान्‌पिढ्या याच उताराचे श्रेय घेत आली. ॲप बनवणारे फसवतात असे मी म्हणत नाही. त्यातले बरेच जण प्रामाणिक असतील. पण उतरता आलेख त्यांनाही तितकाच फसवतो. म्हणून ज्याच्यापाशी तुलनेचा गट नाही, असा कोणताही दावा पुरावा म्हणून धरू नये, जाहिरात म्हणून वाचावा.

तुलनेचा गट म्हणजे काय, हे आपल्याच देशातल्या एका चाचणीने चांगले दाखवले आहे. तिचा विषय स्वयंप्रतिकार आजार नव्हता, रक्तदाब आणि मधुमेह होता, आणि ॲप रुग्णाच्या हाती नव्हते, आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेच्या हाती होते. पण धडा हाच. ‘एमवेलकेअर’ नावाची ही प्रणाली हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्यकेंद्रांत तपासली गेली. सुमारे ३,७०० रुग्ण होते. केंद्रे चिठ्ठ्या टाकावे तशी दोन गटांत वाटली होती. एका गटात टॅबलेटवरची प्रणाली, दुसऱ्या गटात प्रणालीशिवाय, पण प्रशिक्षण आणि तक्ते देऊन सुधारलेली नेहमीची सेवा. वर्षभराने प्रणालीच्या गटातला रक्तदाब भरघोस उतरला होता. तेवढेच पाहिले असते तर पेढे वाटायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या गटातही तो जवळजवळ तेवढाच उतरला होता. दोहोंत लक्षणीय फरक निघाला नाही. हा निष्कर्ष २०१९ साली संशोधकांनी सरळपणे छापला, याबद्दल त्यांचे कौतुक करायला हवे. तुलनेचा गट नसता, तर हीच प्रणाली आज यशोगाथा म्हणून मिरवली गेली असती आणि खरे काम कदाचित साध्या प्रशिक्षणाने व पाठपुराव्याने केले, हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

चाचणी म्हणजे दरवेळी काही वर्षे चालणारा मोठा प्रयोगच, असेही नाही. पहिली पायरी त्याहून फार स्वस्त आहे: ॲप जे गणित करते ते बरोबर येते का, हे टेबलावर बसून तपासायचे. लंडनमधल्या संशोधकांनी २०१५ साली इन्सुलिनची मात्रा काढून देणारी ४६ ॲप अशीच तपासली. टाइप १ मधुमेहात ही मात्रा चुकली तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. निघाले ते असे: ६७ टक्के ॲप चुकीची मात्रा सुचवण्याचा धोका बाळगून होती; ९१ टक्के ॲप भरलेला आकडा शक्य कोटीतला आहे का हे पाहतच नव्हती; ५९ टक्के ॲप काही रकाने रिकामे असतानाही उत्तर देऊन मोकळी होत होती. सगळ्या कसोट्यांना उतरलेले ॲप एकच. या तपासणीला रुग्ण लागले नाहीत, औषधे लागली नाहीत. लागली ती चिकाटी. दुकानातला तराजू खरा आहे का, हे वजनमापे खाते वर्षानुवर्षे तपासत आले आहे. माणसाच्या रक्तातली साखर हलवणाऱ्या तराजूला मात्र शिक्का लागतोच असे नाही. संधिवातातही अशा जागा आहेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात, जीवही जाऊ शकतो. रोजच्या गोळ्यांच्या चौकटीत बसवलेली आठवण करून देणारी घंटी इथे मदत करण्याऐवजी घात करील. ती घंटी बरोबर वाजते का, वार बदलता येतो का, एक मात्रा चुकल्यावर ॲप काय सांगते, एवढे पाहायला एक दुपार पुरते.

दुसरी मेख गळतीची. ॲपचा फायदा सांगताना आकडे बहुधा ‘नियमित वापरणाऱ्यांचे’ असतात. पण नियमित वापरणारे कोण? ज्यांना बरे वाटते, ज्यांची बोटे चालतात, ज्यांना सवड आहे. ज्यांचा त्रास वाढला, ते ॲप उघडायचे सोडून देतात आणि हिशोबातूनही गळतात. उरलेल्यांची सरासरी मग आपोआप सुंदर दिसते. ही गळती किती असते? अमेरिकेतल्या आठ मोबाइल-आधारित अभ्यासांतल्या एक लाखाहून अधिक सहभागींचा हिशोब २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यासही होता. सहभागी टिकून राहण्याचा मध्यक निघाला साडेपाच दिवस. आजारच महिनोन्‌महिन्यांच्या चढउताराचा, आणि ॲपचे आयुष्य आठवड्याहून कमी! त्याच अभ्यासातली एक नोंद मात्र मोलाची आहे: डॉक्टरांनी सुचवले म्हणून आलेले लोक इतरांपेक्षा सुमारे ४० दिवस जास्त टिकले. पैसे मिळणारे लोकही टिकले, पण त्यांच्याइतके नाही. गळती एवढी असते, म्हणून चाचणीचा निकाल सांगताना सुरुवातीला नाव घातलेल्या प्रत्येकाचा हिशोब द्यावा लागतो, मग त्याने ॲप वापरलेले असो वा नसो. औषधांच्या चाचण्यांत हा नियम रुळून जमाना झाला.

मग सगळी ॲप कुचकामी आहेत का? तसे नाही, आणि हे आपण सांगू शकतो तेही नीट झालेल्या चाचण्यांमुळेच. नेदरलँड्समध्ये आतड्याच्या दाहाच्या, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ९०९ रुग्णांवर चार रुग्णालयांत वर्षभर ‘मायआयबीडीकोच’ ही प्रणाली तपासली गेली. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीच्या सेवेत वर्षाला सरासरी २.३४ भेटी होत होत्या, त्या १.५५ वर आल्या. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण निम्मे झाले. आजाराच्या उसळ्या वाढल्या नाहीत. ॲम्स्टरडॅममध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, आजार बऱ्यापैकी आटोक्यात असलेल्या १०३ रुग्णांना दोन गटांत वाटले. एका गटाने ॲपवर दर आठवड्याला प्रश्नावली भरायची आणि गरज वाटेल तेव्हाच डॉक्टर गाठायचा. वर्षभरात त्या गटाच्या डॉक्टरांशी होणाऱ्या भेटी आणि फोन ३८ टक्क्यांनी घटले, आणि २८ सांधे तपासून काढल्या जाणाऱ्या गुणांकात आजार बळावल्याचे दिसले नाही. बारकाईने पाहा: आजार ‘कमी झाला’ असे दोन्ही चाचण्या म्हणत नाहीत. आजार तेवढाच राहिला आणि खेपा वाचल्या, असे त्या म्हणतात. हा दावा जाहिरातीत फिका दिसेल, पण एका भेटीसाठी दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे मोडणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते.

याच जातीची तिसरी चाचणी अमेरिकेत झाली. आतड्याच्या दाहाच्याच ३४८ रुग्णांना मोबाइल संदेशांवरून लक्षणे विचारली, काहींना दर आठवड्याला, काहींना एक आठवडा सोडून. तिसऱ्या गटाला नेहमीची सेवा. वर्षभराने तिन्ही गट सुधारले होते आणि आजाराच्या तीव्रतेत वा जगण्याच्या गुणवत्तेत त्यांच्यात फरक नव्हता. एकाच आजारावर, बरीचशी सारखी कल्पना, आणि निकाल वेगळे. असे होते, कारण आपण जिला ‘ॲप’ म्हणतो ती गोष्ट एकटी कधीच नसते. ‘मायआयबीडीकोच’मध्ये रुग्णाची उत्तरे ठरावीक रेषेबाहेर गेली की रुग्णालयातल्या परिचारिकेला इशारा जाई आणि ती फोन करी. फायदा पडद्याचा किती आणि त्या फोनचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी संधिवाताच्या ‘रेमोरा’ प्रकल्पात रुग्णाने रोज भरलेली माहिती थेट रुग्णालयाच्या नोंदीत पोहोचवली आणि सुरुवात केली ती २० रुग्ण आणि तीन महिने एवढ्या बेताने, ते यासाठीच: डॉक्टर ती माहिती उघडून पाहतात का, हे आधी कळायला हवे होते. पलीकडे इशारा उचलणारे कोणी नसेल, तर इशारा देणारे ॲप रुग्णाला खोटा दिलासा देते. कोणीतरी पाहत असेल या समजुतीत तो दवाखान्यात जायचे लांबवतो. परदेशात तपासलेले ॲप इथे उचलून आणणाऱ्यांनी सोबत ती परिचारिकाही आणली आहे का, हे पहिल्यांदा विचारावे.

तुलना कोणाशी केली, यावरही सारे ठरते. मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या कमालीच्या थकव्यावर ‘एलेव्हिडा’ नावाचा ऑनलाइन कार्यक्रम जर्मनीत २७५ रुग्णांवर तपासला गेला. फायदा दिसला आणि पुढे तो डॉक्टरांनी लिहून देण्याजोग्या ॲपच्या तिथल्या सरकारी यादीत गेला. पण तुलनेचा गट होता प्रतीक्षायादीतला. आपल्याला अजून काही मिळालेले नाही, हे ज्याला ठाऊक आहे, तो थकवा कमी झाल्याचे कशाला सांगेल? आणि ज्याला नवे काही मिळाले, त्याच्याकडे कोणी लक्ष देते आहे या जाणिवेनेही त्याला थोडे बरे वाटते. वेदना आणि थकवा रुग्णाच्या सांगण्यावरूनच मोजतात, त्यामुळे हा मोह इथे दुप्पट. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. ॲपच्या चाचणीत तसेच दिसणारे, पण मुख्य भाग काढून टाकलेले दुसरे ॲप देता येते. किंवा नुसती छापील वही. तेवढी तयारी करायला हवी.

यावर ॲप करणाऱ्यांचा पहिला आक्षेप वेगाचा असतो. चाचणीला दोन वर्षे लागतात, तोवर ॲपच्या दहा आवृत्त्या निघतात. जुन्या आवृत्तीचा निकाल घेऊन काय करायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो उलट दिशेलाही वळतो. आवृत्त्या भराभर बदलतात म्हणूनच तपासणी सतत हवी. २०२४ साली अमेरिकेत एका इन्सुलिन पंपाच्या आयफोन ॲपची नवी आवृत्ती परत बोलवावी लागली. ॲप पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होई, त्यात पंपाची बॅटरी संपे आणि इन्सुलिन थांबे. इजा झाल्याच्या २२४ तक्रारी नोंदल्या गेल्या, सुदैवाने मृत्यू नव्हता. बटणाचा रंग बदलला तर नवी चाचणी कोणी मागत नाही. मात्रेचे गणित, इशाऱ्याची रेषा, सल्ल्याचा मजकूर बदलला तर टेबलावरची तपासणी पुन्हा करायची, आणि मोठी चाचणी ॲपच्या गाभ्यातल्या कल्पनेची करायची. ती कल्पना महिन्याला बदलत असेल, तर रुग्णाच्या हाती द्यायला ती अजून तयार नाही.

दुसरा आक्षेप असा की नुसत्या रोजनिशीने कोणाचे काय बिघडणार? बिघडू शकते. दिवसातून तीनदा ‘आज दुखणे किती?’ असे विचारले गेल्यावर काही जणांचे लक्ष दुखण्यावरून हटतच नाही. हा परिणाम होतो की नाही, हेही चाचणीतच कळेल. शिवाय माहितीच्या गुप्ततेचा प्रश्न आहे. औषधांशी संबंधित २४ लोकप्रिय अँड्रॉइड ॲपचा माग काढल्यावर १९ ॲप वापरणाऱ्यांची माहिती बाहेर देत असल्याचे २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तिशीतल्या मुलीला ल्युपस आहे, ही बातमी तिच्या नोकरीपर्यंत किंवा ठरणाऱ्या लग्नापर्यंत पोहोचली तर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. जिल्ह्याच्या गावी तो सापडणे नशिबाचा भाग. अशा ठिकाणी अर्धेकच्चे ॲपही काहीच नसण्यापेक्षा बरे नाही का? हा युक्तिवाद ऐकायला दयाळू आहे, पण ज्यांच्या नावाने तो केला जातो, तेच लोक चाचण्यांत नसतात. ‘मायआयबीडीकोच’च्या चाचणीत इंटरनेट असणे आणि डच भाषा येणे ही प्रवेशाचीच अट होती. आपल्याकडे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता, तोही स्मार्टफोनच असेल असे नाही. आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो, ल्युपसच्या दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. घरातला फोन संध्याकाळी नवऱ्यासोबत किंवा मुलासोबत परत येत असेल, तर सकाळच्या आखडलेपणाची नोंद सकाळी व्हायची कशी? ॲपमधले प्रश्नही आपले हवेत. संधिवातात जगभर वापरली जाणारी स्टॅनफर्डची प्रश्नावली टबात आंघोळ करता येते का, मोटारीचे दार उघडता येते का, असे विचारते. तिच्या भारतीय आवृत्तीत संडासात उकिडवे बसणे आणि मांडी घालून उठणे आले, तेव्हा कुठे ती आपल्या गुडघ्यांना लागू पडली. पुण्याजवळच्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या आराखड्यावर, पण गावाच्या बोलीत आणि गावातल्याच कार्यकर्त्यांच्या मदतीने. ॲप मराठीत ‘उपलब्ध’ करताना यंत्राने भाषांतर उरकणाऱ्यांनी ते काम पाहावे.

नियम कागदावर अगदीच नाहीत असे नाही. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत सॉफ्टवेअरही आले आणि १ एप्रिल २०२० पासून ते औषध कायद्याच्या कक्षेत गेले. पण ‘आम्ही उपचार करत नाही, निरोगी जीवनशैली शिकवतो’ एवढे लिहिले की बरीच ॲप त्या कक्षेबाहेर उभी राहू पाहतात. जर्मनीने २०१९ च्या कायद्याने वेगळी वाट धरली: डॉक्टर ॲप लिहून देतो, सरकारी विमा पैसे भरतो, आणि ज्याचा पुरावा अपुरा आहे, त्याला सरकारी यादीत तात्पुरती जागा देऊन साधारण वर्षभराची मुदत मिळते. पुरावा देऊ न शकलेली काही ॲप यादीतून गेली. या पद्धतीवर टीकाही रास्त आहे, कारण पहिल्या वर्षाची किंमत कंपनीच ठरवते आणि पुरावा येण्याआधीच लोकांच्या हप्त्यांतून पैसे जातात. आपल्याला ती पद्धत जशीच्या तशी नको. पण मुदतीत सिद्ध करा, नाहीतर बाहेर, हे तत्त्व उचलण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात याची सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत संधिवाताचे रुग्ण रोज येतात. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून त्यांचे दोन गट करावेत: एका गटाला मराठी ॲप, दुसऱ्याला छापील वही आणि पंधरा दिवसांतून परिचारिकेचा एक फोन. ॲपच्या गटालाही तोच फोन मिळावा, म्हणजे फरक पडद्याचाच मोजला जाईल. स्वतःचा फोन नसलेल्या बायकांना वगळू नये, त्यांची नोंद आशाताईंच्या मदतीने व्हावी. एक वर्षानंतर सांध्यांची तपासणी अशा डॉक्टरांनी करावी, ज्यांना कोण कोणत्या गटात होते हे ठाऊक नाही. सोबत खेपा, बुडालेली मजुरी आणि चुकलेल्या मात्रा मोजाव्यात. चाचणी सुरू होण्याआधीच ती २००७ पासून चालू असलेल्या सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी, म्हणजे निकाल पाहून नंतर उद्दिष्ट बदलता येणार नाही. आणि निकाल वहीच्या बाजूने लागला तरी तो जाहीर करण्याची अट कंपनीशी होणाऱ्या करारात पहिल्याच पानावर असावी. जी कंपनी या अटीवर सही करणार नाही, तिचे पोस्टर ओपीडीच्या भिंतीवर लावू देण्याचे अधिष्ठात्यांना काही कारण नाही.